कर्नल्स अपॉलॉजी

कागदावर त्याचं नाव अजून तेच: कर्नल्स अपॉलॉजी.
कर्नल कोण, दिलगिरी कसली, कुणालाच ठाऊक नाही.
चौदा शर्यती. एकदा चौथा.
एकदा जॉकीला दुसऱ्याच कुंपणापाशी उतरवून
एकटाच पहिला.
आम्ही त्याला स्पड म्हणतो, म्हणजे बटाटा.
नाल ठोकणारा मॅलकी म्हणाला, नाव असं हवं
की चिखलात उभं राहून हाक मारताना लाज वाटू नये.

मी मेयोत शाळेची बस चालवते.
वय चोपन्न, डावा खुबा हवा पालटली की बोलतो.

त्याला उभं राहणं येत नव्हतं.
तिथे चालत्या घोड्यावर जॉकीला उचलून टाकतात,
पाठीवर वजन आलं की निघायचं,
एवढीच त्याची शाळा.
मी लाकडी ठोकळ्यावर चढायचे, तो बाजूला सरकायचा.
मी उतरायचे, ठोकळा उचलायचे, पुन्हा मांडायचे.
सबंध नोव्हेंबर आम्ही दोघं
त्या ठोकळ्याभोवती फिरत काढला.
शेजारची डर्व्हला चहाचा मग घेऊन कुंपणाशी यायची.
आज बसलीस का?
आज टेकले, मी सांगायचे.

आणि लगाम ओढला की तो पळायचा.
आधी वाटलं, खोडी आहे.
मग कळलं, तिथे ओढ म्हणजे आधार,
हाताला रेलून धावायचं असतं त्यांनी.
मी म्हणत होते थांब,
त्याला ऐकू येत होतं चल.
नवऱ्याशी माझं एकवीस वर्षं असंच चाललं,
पण तो विषय वेगळा.

मी ओढणं सोडलं.
बूड जड करायचं, श्वास सोडायचा,
बोटं मिटायची, उघडायची,
ओलं फडकं हळूच पिळावं तशी.
फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी
मी श्वास सोडला आणि तो थांबला.
इतका अचानक, की मीच पुढे मानेवर आपटले.
त्याने वळून माझ्या बुटाचा वास घेतला.
हेच ना? असं काहीतरी.

मग सप्टेंबर. ओहोटी. ओली, टणक वाळू
आणि समोर अडीच मैल कुणीच नाही.
खोगिराखाली त्याच्या पाठीत
गुंडाळून ठेवलेलं काहीतरी उलगडायला लागलं.
त्याने विचारलं. खरंच, एक कान मागे वळवून विचारलं.
मी मूठभर आयाळ धरली आणि म्हटलं,
बरं.

चौखूर!
वारा नव्हता त्या दिवशी, तो आम्ही केला.
टापा आधी मोजता येत होत्या, मग नाही.
डोळ्यांना पाणी, दातांवर मीठ,
आणि माझा खुबा, लबाड, चकार शब्द नाही.
मी ओरडत होते. काय, ते विचारू नका,
पोरं बसमध्ये तसं ओरडली असती
तर पुढच्या वळणावर उतरवली असती.

पुढे काळे खडक दिसायला लागले
तेव्हा मी श्वास सोडला. फक्त श्वास.
पाचशे किलोंचा तो वेग,
ज्यावर अनोळखी माणसांनी भाड्याचे पैसे लावले होते,
तो त्याने हळूहळू गोळा केला,
दुडकीवर आणला, मग चालीवर,
आणि माझ्या सैल हातात ठेवला
जसा कुत्रा चेंडू आणून ठेवतो,
थोडा लाळेने भिजलेला.

परतताना लगाम पूर्ण मोकळा.
तो मान खाली घालून, फुरफुरत,
म्हाताऱ्या पोस्टमनसारखा चालला.
वाटेत ब्लॅकबेरीचं झुडूप आलं.
इथे मात्र मी ओढून पाहिलं, श्वास सोडून पाहिलं,
शिवीही दिली.
कर्नलने दिलगिरी व्यक्त केली नाही.
जांभळ्या ओठांनी तो खात राहिला,
चारही पाय रोवून,
अगदी न हलता,
आणि मी वर बसून होते.
बसला वीस मिनिटं उशीर झाला.