रिकामो

माझारा गावी, मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत
क्रोचिफिस्साबाईंच्या दाराशी दुपारी दोन खुर्च्या असतात.
एक त्यांची, एक कापडाची.
सावलीतली कापडाची.

हे काय करताय, मी विचारलं.
"रिकामो," त्या म्हणाल्या, मान वर न करता.
माझ्या मराठी कानाला हसू आलं.
एक्क्याऐंशीची बाई, बोटांना पळभर उसंत नाही,
ज्याला आम्ही भरतकाम म्हणतो
त्याला ही म्हणते रिकामो!

मग खुर्चीशी उकिडवी बसले
तर त्या खरंच रिकामं करत होत्या.
लिननचा धागा सुईच्या टोकाने उचलायचा,
कापायचा, ओढून घ्यायचा,
चार ठेवायचे, चार काढायचे,
उभे, मग आडवे,
तीन आठवडे नुसतं काढणंच.
शेवटी कापडाची जाळी उरते,
पलीकडचं मांजर दिसतं तिच्यातून.
आणि मग त्या भोकाभोकांतून
एक मोर चालू लागतो.

कशिदा म्हणजेही ओढलेला, फारसीत.
कशिदा काढला, असं आम्ही म्हणतो,
म्हणजे ओढलेलं ओढलं.
किती पिढ्या हे बोलत आल्या
आणि सुई कुणालाच टोचली नाही.

बुधवारी मब्रूका येते.
कारखान्यात कोळंबी सोलून,
हात लिंबाने दोनदा धुऊन.
माहदियाची. समुद्रापलीकडची.
पहिल्या दिवशी तिने तो शब्द ऐकला
आणि दोरा ओवता ओवता थांबली.
"रक्म?
आमच्या बाई फळ्यावर लिहायच्या, रक्म.
म्हणजे आकडा. खूण. कापडावरची नक्षीसुद्धा.
पण घरी आम्ही न्युमरू म्हणायचो,
तो तुमचा."
"म्हणजे फिटलं," क्रोचिफिस्साबाई म्हणाल्या,
"आता तो गुंता सोडव."

मी काही बोलले नाही.
मला आठवत होती रक्कम.
मुद्दल रक्कम, थकीत रक्कम,
चेकवर अक्षरी रक्कम, पुढे 'फक्त'.
आमच्याकडे येऊन बिचारी वहीत बसली
आणि तिची सख्खी बहीण इथे
उशीच्या अभ्र्यावर डाळिंबं फोडतेय.

श्रावणासारखं काही नसतं इथे,
ऑगस्ट नुसता पांढरा असतो.
त्या पांढऱ्यात एका बुधवारी मब्रूका म्हणाली,
मोर नको. मला आकडे शिकवा.
कुठले?
तिने सांगितले. पाच आकडे.
गल्लीला ते पाठ होते.
बोटीच्या नाळेवर निळ्या रंगात असायचे,
फेब्रुवारीत धक्क्यावरून निघताना
सगळ्यांनी पाहिले होते.

क्रोचिफिस्साबाईंनी चष्मा पुसला.
पुसलेलाच पुन्हा पुसला.
"जाळीत गोल बसत नाही," त्या म्हणाल्या,
"गोल आला की पायऱ्या होतात.
सातने सुरू कर. सात सोपा,
त्याला वळायचं नसतं."

सात झाला. चार झाला.
एकाला एक दुपार पुरली.
तीन दोनदा उसवला,
दुसऱ्यांदा मब्रूकाने दोरा दातांनी तोडला,
जे इथे चालत नाही,
आणि बाई ओरडल्या नाहीत.

शेवटचा शून्य.
तो कडेकडेने पायऱ्या उतरत, पायऱ्या चढत
सप्टेंबरात पुरा झाला.
मब्रूकाने विचारलं, आणि आत?
आत काय भरायचं?

क्रोचिफिस्साबाईंनी कापड उजेडाकडे धरलं.
समोरची भिंत दिसली त्यातून, भिंतीवरचा वाळत घातलेला शर्ट,
मग शर्ट वाऱ्याने बाजूला झाला.

"आत काही नाही," त्या म्हणाल्या.
"कडा तेवढी पक्की कर,
नाहीतर ते वाढत जातं."