फिल्टर धू आधी

तेवीस वर्षं मी पंपांना कान लावला.
उद्यमबागेत, शेवटच्या शेडमध्ये, टेस्ट बेंचवर:
स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाच्या अंगाला,
मूठ कानामागच्या हाडाला.
बेअरिंग गेलं की हाडात कळायचं,
तेलात हवा शिरली की दातांत.

मग सेन्सर आला, आगपेटीएवढा.
त्याला चुंबक आहे, तो नुसता चिकटतो.
मला पॅकिंगला दिलं. लाकडी खोकी, खिळे,
वरची बाजू दाखवणारा बाण.
हरकत नाही.

तेजलच्या जुन्या लॅपटॉपवर आता
एक कपाट आहे, पेट्यांचं, वायरींचं,
हाताला न लागणारं. फुकट.
उतरवून देताना म्हणाली,
बाबा, तुम्ही जोडल्याशिवाय ह्यात
काहीच वाजत नाही.

पहिल्या रात्री नऊ ते साडेअकरा
मी शांतता तयार केली.
ऑसिलेटर चालू, दिवा हिरवा, वायर पिवळी,
आणि आवाज नाही.
बाहेर जायचं भोकच मोकळं राहिलेलं.
हजारो आउटलेट आवळलेल्या माणसाचं.

मग आला. एकच सूर,
चोक बिघडलेल्या ट्यूबलाइटसारखा,
सरळ, बिनचेहऱ्याचा, दमत नाही.
आतून हाक आली,
तो मिक्सर बंद करा की वो!

गेट मात्र मला कुणी शिकवावं लागलं नाही.
पूल व्हायच्या आधीचं तिसरं रेल्वे गेट:
दांडा वर, दुचाक्या उसळतात, तो अटॅक,
मग जरा ओसरतं,
मग रिक्षा, टेम्पो, एका चालीत बराच वेळ,
आणि दांडा पुन्हा पडल्यावरही
खालून सायकल तिरपी करून निसटणारा दूधवाला,
तो रिलीज.
मी रिलीज वाढवत नेला.
तो अजून पोचतोय मजगावला.

एक पेटी नुसत्या गोंगाटाची.
गणपत गल्ली लांबून ऐकावी तशी,
भाषा कळत नाही,
भाव चाललाय एवढं कळतं.
एक ऑसिलेटर इतका संथ
की स्वतः ऐकूच येत नाही,
दुसऱ्यांना हलवत राहतो फक्त.
त्याला मी सुपरवायझर म्हणतो.

महिना गेला. एका रविवारी कागदावर मांडलं:
चौदाशे पन्नास फेरे, नऊ पिस्टन, भागिले साठ.
दोनशे साडेसतरा.
आकडा टाकला.
त्यात थोडा गोंगाट मिसळला, तेल म्हणून,
आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून
लोखंड नसलेला एक पंप सुरू झाला.

पण खडे चघळत होता.
वायरी काढल्या, लावल्या. तसाच.
माझाच कान गेला की काय,
खोकी ठोकून ठोकून?

हलग्याला फोन लावला, निंगाप्पा कोलकारला.
माझ्या आधी बेंच त्याचा होता,
आता दोन म्हशी आहेत.
काही न बोलता फोन स्पीकरपाशी धरला.
पलीकडं बादली खाली ठेवल्याचा आवाज.
मग बराच वेळ काही नाही.

एनो, कुठला पंप हा?
मी गप्प.
उपाशी हाय तो. सक्शन ओढंना झालंय.
फिल्टर धू आधी.

मी स्क्रीनकडं बघितलं.
तिसऱ्या ओळीत त्याच नावाची पेटी,
बटण जवळजवळ मिटलेलं.
कुणी मिटलं? मीच, गुरुवारी,
आवाज घरात जाऊ नये म्हणून.
पाव फेरा उघडलं.

खडे विरघळले.
पंपाचं पोट भरत गेल्याचं
मला त्या जुन्या हाडात कळलं.

हां, म्हणाला निंगाप्पा. डिस्पॅच कर.
आणि ठेवला फोन. धारेची वेळ होती त्याची.

आता लॅपटॉप नाव विचारतोय.
बेंचवर प्रत्येक पंपाला पत्र्याचा बिल्ला असायचा,
खाली सहीची जागा.
मी एकेक अक्षर शोधत टाकलं:
नऊ पिस्टन. चौदाशे पन्नास.
तपासणारा, निं. को.