नापसंतीची सूचना

सकाळी साडेनऊला मी महापालिकेची यादी उतरवून घेते.
के-पश्चिम, पी-दक्षिण, आर-मध्य.
रकान्यांत अजून माणसं आलेली नसतात,
नगर भूमापन क्रमांक असतात, चटईक्षेत्र असतं,
तळमजला अधिक सात, वर गच्ची.

गंमत बघा, या शहरात घर बांधायची पहिली परवानगी येते
तिचं नाव नापसंतीची सूचना.
आम्हाला हे पसंत नाही, असं लिहून
खाली अटी घालतात. त्या पाळल्या की चालतं.
माझं लग्न काकांनी असंच मान्य केलं होतं.

मी स्वयंपाकघरं विकते.
ट्रॉल्या, चिमण्या, आवाज न करता मिटणारे खण.
हसमुखभाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं,
जोत्यापर्यंत फोन करायचा नाही,
तेव्हा लोक नुसती स्वप्नं बघतात, पैसे काढत नाहीत.
पाचवा स्लॅब पडला की कर.
घरात ओटा कुठल्या भिंतीला यावरून
तेव्हा भांडणं लागलेली असतात.
भोगवटा मिळाल्यावर केलास तर उशीर,
तोवर कुणाचा तरी मेहुणा सुतार निघतो.

पण महिनाअखेर होती. चार लीड कमी पडत होत्या.
मी अगदी ताजी ओळ उचलली,
नीलपुष्प सोसायटी, गोरेगाव पश्चिम,
काम सुरू करायचा दाखला, तारीख परवाची.
सेक्रेटरी म्हणून एक जुना नंबर सापडला. तोंडवळकर.

अभिनंदन सर, म्हटलं, तुमच्या इमारतीला परवानगी मिळाली.
कुठल्या इमारतीला?
नाव सांगितलं.
थांबा, चष्मा घेतो, म्हणाले,
जणू चष्म्याशिवाय ऐकू येणार नव्हतं.
मग, क्रमांक वाचा.
वाचला.
परत. सावकाश.
मागे चालू असलेला नळ कुणीतरी बंद केला.

बिल्डरनं नाही हो कळवलं आम्हाला, ते म्हणाले.
भाडं थकल्यापासून त्याचा फोन लागत नाही.
नऊ वर्षं झाली. नायगावला आलो, हे चौथं घर.
सत्तावीस कुटुंबं होतो,
आता एकोणीस जण फोन उचलतात.
आणि तुम्ही कोण म्हणालात?

मी म्हटलं, स्वयंपाकघर.
असं एकच शब्द म्हणून थांबले, पुढचं पाठांतर आलंच नाही.

बरं झालं, ते म्हणाले, मग तुम्हालाच विचारतो.
तुमच्या कागदात खिडकी कुठे दाखवलीय?
मंडळींची एकच अट होती, सही करताना,
ओट्यासमोर उजेड हवा.

नकाशा माझ्या कामाचा नसतो, तरी उघडला.
मोठा केला, आणखी मोठा केला.
सातही मजल्यांवर ओट्यासमोर डक्ट.
दीड मीटरवर समोरच्याची भिंत,
मध्ये सांडपाण्याचे पाइप.

नकाशा उघडत नाहीये सर, मी म्हणाले.

तक्त्यात शेवटचा रकाना भरावा लागतो,
गरम, कोमट किंवा थंड.
मी रिकामा ठेवला.
हसमुखभाईंनी संध्याकाळी विचारलंच, हे काय?
पाचवा स्लॅब पडायचाय, म्हटलं.
त्यांचंच वाक्य, त्यामुळे गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी नंबर वाजू लागला.
तुम्हीच का त्या महापालिकेच्या बाई?
नालासोपाऱ्याहून, कळव्याहून, एक तर चिपळूणहून,
पाच मिनिटांत जेवायला बसणारी माणसं,
तेवढा क्रमांक वाचून दाखवता का?
नाही हो, मी पालिकेची नाही, असं पहिल्या दोघांना सांगितलं,
नंतर सोडून दिलं.
अठरा वेळा वाचला.
चिमणीचं, ट्रॉलीचं नावसुद्धा काढलं नाही.
क्रमांक आता पाठ झालाय, भाजी निवडताना तोंडात येतो.

खिडकीचं त्या अठरांपैकी
कुणीच विचारलं नाही.