टाळू

वार्दो बेटावर नोव्हेंबरात सूर्य जातो
तो अर्धा जानेवारी सरला तरी तोंड दाखवत नाही.
यंदा गेला तेव्हा सुनिव्हा चार आठवड्यांची होती.
नुकती कुठे नजर ठरायला लागली होती तिची,
आणि बघायला उरला काय,
तर माझ्या कामाच्या टेबलावरचा पिवळा दिवा.

त्याच्याकडे तोंड करूनच झोपायची.
उजवी कूस पाळण्याला, रोज, तासन् तास.

डिसेंबरात तुरिद नर्स आली.
दाराशी बूट काढले, तळवे चोळून ऊन केले,
उजव्या कानामागे बोटं फिरवली
आणि थांबली.
"ओद्लाइव, इथं जरा चपटं होतंय."

मी चाळीस वर्षं होड्या बांधल्या.
मला काय सांगायचं चपटं म्हणजे काय.
वाफेतून काढलेली फळी
ज्याला टेकेल त्याचं ऐकते.
रात्रभर भिंतीला लावून ठेवा,
सकाळी ती भिंतीचीच होऊन बसते.

मी विचारलं, मग पालथी निजवू?
तुरिदचा चेहरा लाकडासारखा झाला.
नाही. झोप पाठीवरच. कायम पाठीवर.
पालथं जागेपणी, तुझ्या डोळ्यांदेखत.
शेजारच्या गुडलाउगनं मधोमध भोक ठेवून
उशी विणली होती, निळी, फार सुबक.
तीही पाळण्यात नको म्हणाली.
(उशीवर आता मांजर झोपतं. त्याचं डोकं उत्तम आहे.)

मग करायचं काय?
"पाळणा फिरव," एवढंच.

आज डोकं दाराकडे, उद्या स्टोव्हकडे.
दिवा जागचा हलवायचा नाही.
तीच वळते मग, दिव्याच्या मागावर,
एक दिवस उजवीकडे, एक दिवस डावीकडे.
विसरू नये म्हणून पाळण्याच्या कडेला
सुताराच्या पेन्सिलीनं रेघा ओढत गेलो,
जशा कण्यावर फासळ्यांसाठी ओढतो तशा.

इंगविल्ड मासळीच्या कारखान्यातून पहाटे यायची,
हातांना कॉडचा वास, डोळे अर्धे मिटलेले,
रेघा मोजायची आणि काही बोलायची नाही.

एकदा बोलली.
केस सुकवत स्टोव्हपाशी बसली होती,
माझा हात धरून तिनं स्वतःच्या डोक्यामागे नेला.
ओल्या केसांखाली, डाव्या अंगाला,
तळहात मावेल एवढी सपाट जागा.
तीस वर्षांची. हाडात पक्की झालेली.
"म्हणून मी केस वर बांधत नाही," म्हणाली,
चिडून नाही, हवामान सांगावं तशी.

त्या हिवाळ्यात मी लोफोतेनला होतो, कॉडच्या हंगामात.
मागनहिल्ड एकटी. पाळणा भिंतीशी ठोकलेला,
मीच ठोकलेला, चार खिळ्यांनी,
हलू नये म्हणून.

मी काय बोलणार?
रात्री उठून पाळणा फिरवला.
त्या दिवशीची पाळी आधीच झाली होती,
तरी फिरवला, आणि मग पुन्हा होता तसा ठेवला.

दिवसा ती माझ्या छातीवर पालथी.
मी आरामखुर्चीत, ती लोकरीच्या स्वेटरवर,
नाक घासत, कण्हत, शिव्या दिल्यासारखी.
मान उचलायची, लटपटायची, आपटायची.
टाळू माझ्या हनुवटीखाली धडधडायची,
मऊ, झाकण न बसवलेली,
कुणी तरी आत बसून अजून काम करतंय अशी.
मी श्वाससुद्धा बेतानं घ्यायचो.

आणि परवा, बाराच्या सुमाराला,
बंदराच्या पलीकडे डोंगराला लाल कड आली.
शाळेतली पोरं रस्त्यावर धावली.
गुडलाउग मांजर घेऊन अंगणात आली.
सुनिव्हानं माझ्या छातीवरून मान उचलली,
सीलचं पिल्लू पाण्यातून उचलतं तशी,
आणि दिव्याला पाठ करून
खिडकीकडे बघितलं.
किती वेळ, ते मोजलं नाही.
मग डोकं माझ्या गळ्याशी टेकवलं. डाव्या अंगावर.

पेन्सिल शोधतोय.
खिडकी पाळण्याच्या दुसऱ्या बाजूला आहे,
आता सगळा हिशेब नव्यानं मांडायला हवा.