डावा पाय

रविवारी सहाला, ऊन उठायच्या आधी
फुटाळ्याच्या काठी आमच्या गाड्या लागतात
आणि बोनेटवर तर्रीपोह्याच्या प्लेटा ठेवून
आम्ही एकमेकांच्या अकलेचं मायलेज काढतो.

गजभिये म्हणतो, नागपुरात गाडी घ्यायची तं पांढरीच.
बाकीचे रंग शोरूमच्या एसीत पाहायचे.
काळ्या गाडीचं स्टिअरिंग त्यानं एका मे महिन्यात
अंगातलं बनियन काढून, त्यानं धरून
वर्धा रोडनं घरी आणलं होतं.
ही गोष्ट दरवर्षी एक चौक लांब होते.

पौनीकरच्या गाडीला सनरूफ.
"सत्तेचाळीस डिग्रीत डोक्यावर खिडकी काहून पाहिजे बे?
तवा घेऊन फिर ना."
पौनीकर म्हणतो, नातीला चांदण्या दिसतात.
यावर कोणाजवळ उत्तर नसतं.

जरीपटक्याचे लछूभाई तीन वर्षांत गाडी विकतात
सीटचं प्लास्टिक न फाडता.
गाडी म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाची ठेव, त्यांच्या मते.
मला हे कधी पटलं नाही.
गाडीवर एक तरी ओरखडा असा हवा
ज्याची तारीख सांगता येते.

आणि मी गिअरवाला.
क्लच नाही ती गाडी नाही, पाळणा.
ऑटोमॅटिकवाल्यांना मी विचारायचो,
चालवून राहिले का बसून राहिले?
रामटेकच्या गडावर चढताना
तिसऱ्यातून दुसऱ्यात कुठं यायचं
ते माझ्या डाव्या पायाला पाठ होतं,
अंधारात घरचं बटन हाताला असतं तसं.

मार्चात धंतोलीच्या डॉक्टरनं फिल्म उजेडाला धरली.
डावा गुडघा संपला, म्हणाला. गाडी चालवता?
चालवतो.
क्लच?
जुने डॉक्टर दारूचं विचारायचे, तसं विचारलं त्यानं.

चार रविवार गेलो नाही.
तब्येतीचं कारण सांगितलं. खरंच होतं,
म्हणून खोटं वाटलं.

शोरूमचा पोरगा शेजारी बसला.
अजनी चौकात सिग्नल लागला
आणि माझा डावा पाय जाऊन मॅटवर दाबला,
जिथं काहीच नव्हतं.
पुढच्या सिग्नलला पुन्हा.
पोरगा खिडकीबाहेर पाहत राहिला.
असे पाय त्यानं आधी पाहिले असतील.
गाडी चांगली होती. हे लिहायला मला तीन दिवस लागले.

जुनी पाहायला आली तेजल हेडाऊ,
गोळीबार चौकाची, लॅबमध्ये रक्त घेते.
मामा म्हणाले, मुलीनं ऑटोमॅटिकच घ्यावी.
"मामाजवळ गाडीच नाही," ती म्हणाली.
आधी तिनं बोनेटवर तळहात ठेवला,
मी इंजिन गरम करून ठेवलं का ते पाहायला.
मी मनात दहा हजार कमी केले.
ऑइलची कांडी पुसली, बुडवली, हुंगली.
आणखी दोन.

मग मी तिला सगळं सांगितलं.
दुसरा गिअर थंडीत रुसतो, दोनदा मागायचा.
डाव्या दाराचा पोचा काटोल नाक्याचा,
अकरा डिसेंबर, संत्र्यांचा टेम्पो;
चूक माझी होती, हे घरी माहीत नाही.
एसीची हवा काचेकडून फिरवून घ्यायची, तोंडावर नाही.
ती वहीत लिहून घेत होती.

गल्लीच्या टोकाला चढ आहे थोडा.
आवाज जड झाला,
मी फाटकाशी उभा, पायात स्लीपर,
आत्ता, म्हटलं, आत्ता,
आणि माझ्या पायानं जमीन दाबली
त्याच क्षणी तिनं दुसरा टाकला.
पहिल्यांदा मागून मिळाला नाही तिला.
दुसऱ्यांदा मिळाला.

आज फुटाळ्यावर नवी नेऊन लावली.
गजभियेनं दार उघडलं, खाली वाकला,
पेडल मोजले. दोनच.
बराच वेळ वाकलेला राहिला.
मग कंबर धरून उठला,
"रंग तं बरोबर घेतला," म्हणाला,
अन् माझ्या पोह्यावर तर्री ओतली.