एकेचाळीस बिल्ले

बिस्किटाच्या डब्यात एकेचाळीस बिल्ले आहेत,
पितळी, मधोमध भोक,
कडेला कंपनीचं नाव झिजून अर्धं उरलेलं.
पगारातून पैसे आधीच कापले जायचे,
मग हे हातात यायचे.
एक बिल्ला म्हणजे एक ताट:
भात, आमटी, शनिवारी सुका जवळा.

बाबा रबाळ्याच्या रंगाच्या कारखान्यात, बॉयलर खात्यात.
गेटच्या आत हा बिल्ला जेवण होता,
गेटबाहेर नुसतं पितळ.
समोरच्या टपरीवाल्याला दाखवला की तो म्हणायचा,
"हसुराम, ह्या काय चालाचा नाय."

एका मंगळवारी गेट उघडलंच नाही.
एकेचाळीस जेवणं बाबांच्या खिशात राहून गेली.
कॅन्टीनचा ठेकेदार हिशेबाची वही घेऊन गेला,
कुणी म्हणे सिल्वासाला.

त्याच प्लॉटवर आता काचेची इमारत आहे.
सहाव्या मजल्यावर मी बसते,
साधारण चिमणीच्या तोंडाच्या उंचीवर.
माझं काम घरी सांगायला अवघड.
कुणी घणसोलीत कार्डात तीनशे रुपये भरतं,
ते खर्चता आले पाहिजेत ठाण्यात, तळोज्यात,
ज्यांनी आमचं नावही ऐकलेलं नाही
अशांच्या यंत्रावर.
त्यासाठी दोघांच्या मधे एक भाषा लागते.
ती आम्ही लिहितो आणि उघड्यावर ठेवतो.
कुणीही यावं, वाचावं, न्यावी, चूक काढावी.

गेल्या महिन्यात अकोल्याच्या एका पोराने माझी काढली.
पैशांचा हिशेब मी दशांशात मांडला होता,
हजार व्यवहारांमागे एक पैसा
कुठेतरी सांडत होता.
आधी राग आला.
मग त्याचे आभार मानले.
राग पुरता गेला होता असं नाही.

रात्री अडीचला पडद्यावर एक ओळ लाल होते:
सदतीस रुपये.
इकडून निघाले, तिकडे पोचले नाहीत.
अशा वेळी ते कुणाचे असतात?
मला ते गेटपाशी उभे दिसतात,
हातात डबा,
आत कुणी घेत नाही
आणि घरी परतायची सोय नाही.
मी त्यांना मागे पाठवते
आणि पोचले का ते दोनदा बघते.
दोनदा बघायचा नियम नाही.

रविवारी बाबांना इमारत दाखवायला नेलं.
त्यांनी वर पाहिलंच नाही.
चपलेने फरशी चाचपत म्हणाले,
"हितं भट्टी."
जरा पुढे जाऊन, "नाय, हितं."

बाहेर गुणाबायची चहाची टपरी.
मी मोबाइल चौकोनासमोर धरला,
डबीतली बाई बोलली: वीस रुपये मिळाले.
बाबांनी डबी उचलून मागून पाहिली.
मग खिशातून एक बिल्ला काढून
गुणाबायच्या पुढ्यात ठेवला, खोडी म्हणून.
तिने तो उलटासुलटा केला,
भोकातून माझ्याकडे बघितलं.
"काका, ह्या काय चालाचा नाय."
बाबा इतके खूश झाले
की चहा सदऱ्यावर सांडला.

पेला खाली ठेवताना विचारलं,
"आनि ह्या तुजा यंतर बंद परला त?"
पडू शकतं, मी म्हटलं. कंपनीही बंद पडेल एखाद दिवशी.
"मंग?"
मग वही राहते, बाबा. उघडी.
दुसरं कुणी ती पुढे लिहू शकतं.
ते थोडा वेळ रस्त्याकडे बघत बसले.
"वही नाय," म्हणाले, "वही लिवाची रीत."
बरोबर होतं. रीतच.
लोकांचे पैसे कुणी सांभाळायचे
ते रीतीत लिहून संपत नाही,
हे मला माहीत होतं
आणि त्यांनाही.
"आमची वही," ते उठता उठता म्हणाले,
"कुनी बगलीच नाय."

सोमवारी गुणाबायच्या कुलपाच्या किल्लीला
एक पितळी बिल्ला लटकत होता.
भोक होतंच त्याला.