अधिक ऐंशी

तार्तू, फेब्रुवारी. एमायोगी नदी गोठलेली.
तळघरात यंत्र घुमतंय आणि लेलो सारेपू
डबीवरची चिठ्ठी पुन्हा वाचते:
हृदयाची डावी भिंत. बाई, वय एकाहत्तर.
मृत्यूपासून गोठवेपर्यंत – चार तास दहा मिनिटं.

उणे ऐंशीच्या कपाटातून आलेला
तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा.
द्रव नायट्रोजनच्या वाफेत ती तो कुटते,
वेलची कुटावी तसा आवाज.
मग ट्रिप्सिन, रात्रभर, सदतीस अंशांवर,
म्हणजे बाई जिवंत असताना होती तितक्याच उबेत.
लायसिन दिसलं की काप, आर्जिनिन दिसलं की काप;
त्याला एवढंच येतं, आणि तेही कधी हुकतं.

सकाळी पडद्यावर शिखरं उगवतात.
गुंज, मासा, तोळा यांच्या
कितीतरी तळाशी चाललेला हा काटा.
अधिक सोळा : ऑक्सिजन चिकटलाय.
तो एकाहत्तर वर्षांनी चिकटवला
की परवा झाकण उघडं राहिलं त्या दुपारने,
यंत्र सांगत नाही.
अधिक ऐंशी : फॉस्फेट.
शोधायचं ते हेच. पेशीने प्रथिनाच्या
खांद्यावर ठेवलेला हात : चल. थांब. आता आवळ.

माणूस गेल्यावर हात ठेवणारे आधी थकतात,
त्यांना इंधन लागतं.
हात काढून घेणारे मात्र राबत राहतात,
फुकटात, अंधारात,
थंडी पोचेपर्यंत.

म्हणून इथली शिखरं बुटकी.
आजाराने? की त्या चार तासांनी?
"तळटीप टाक," प्राध्यापक हेन्नो म्हणतात,
"सगळ्यांचेच तास असे असतात."

असतात.
व्हिल्यांदीच्या इस्पितळात बाबांच्या उशाशी
ती स्वतःच किती वेळ बसली होती;
नर्स दोनदा दारात येऊन परत गेली.
इथेही कुणी बसलं असेल.
किंवा बर्फात गाडी अडकली असेल,
सहीचा कागद सापडला नसेल.
चिठ्ठीवर रकाना एकच आहे.

ती तळटीप टाकत नाही.
खाटीकखान्यात फोन लावते :
डुक्कर कापल्या कापल्या हृदय हवंय, गरम.
दर अर्ध्या तासाला एकेक तुकडा गोठवीन,
बघू, काय किती वेळात गळतं.
पलीकडून राइवो विचारतो, "भाजायला की शिजवायला?"
"मोजायला," ती म्हणते.
तो थोडा थांबतो.
"साडेपाचला ये. डबा तुझा आण."